बिबट्या काय म्हणाला?

सिंहाची गर्जना सगळ्यांना माहीत असते. आमच्या नाशिकला सिंह नाहीत, बिबटे आहेत, आणि ते काय बोलतात हे कुणालाच माहीत नसतं. मी बिबटे पकडणाऱ्या पथकात जनावरांची डॉक्टर. सोबत किसनमामा, जुने वनमजूर. दोघांनी मिळून इतके आवाज ऐकलेत, की लग्नाच्या पंगतीतही लोक किश्शांसाठी ताट घेऊन शेजारी बसतात!

* * *

दिंडोरीच्या एका बागायतदाराचा फोन आला. "मॅडम, बागेमागे रोज कोणीतरी करवतीनं झाड कापतंय. जाऊन बघावं तर सगळी झाडं जागच्या जागी!"

त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं. खर्र-खूं, खर्र-खूं. मामांनी कान लावला.

"दादा, करवत नाय, बिबट्या हाय. दुसऱ्या बिबट्याला सांगतोय, मी इथं हाय म्हणून."

बागायतदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मग ठीक! मला वाटलं चोर!"

* * *

देवळाली कॅम्पातून एका बाईंचा घाबरलेला फोन. दुपारची वेळ, शेजारच्या बंद बंगल्यातून गुरगुर ऐकू येतेय. आम्ही जाळी, पिंजरा, सगळा लवाजमा घेऊन पोचलो. मामा दबकत व्हरांड्यात शिरले आणि तसेच उभे राहिले.

आरामखुर्चीत एक रिटायर्ड सुभेदार घोरत झोपले होते. सकाळीच गावाहून परतलेले. डोळे उघडून त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं.

"किसको पकड़ने आए हो?"

मामा म्हणाले, "आपकोच!"

* * *

एक जखमी मादी आमच्याकडे उपचाराला होती. मामा बिबट्यांचे हुबेहूब आवाज काढतात, तशी मलाही हौस. पिंजऱ्यासमोर बसून पिल्लासारखं म्यांव केलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, पाठ फिरवली, शेपटी उभारली आणि माझ्या एप्रनवर लघवीची पिचकारी!

मामा गंभीरपणे म्हणाले, "उत्तर आलं मॅडम. ही जागा तिची हाय. मुक्कामाला येऊ नका!"

* * *

ऊसतोडीत तीन पिल्लं सापडली. हिराबाई नावाच्या मजूर बाईंच्या कोयत्यापासून हातभर अंतरावर. दोन धडधाकट, तिसरं अगदी अशक्त. आई येऊन नेईल म्हणून दिवस मावळताना आम्ही तिन्ही त्याच जागी उघड्या क्रेटमध्ये ठेवली, समोर कॅमेरा लावला आणि लांब ट्रॅक्टरजवळ बसून कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर बघत राहिलो. हिराबाईही मांडीवर तान्ही मुलगी घेऊन शेजारी बसल्या.

मादी आली. घशातल्या घशात हळू हाक मारली. दोघांनी ओ दिली. तिनं एकेक करून दोन्ही नेली.

तिसरं गप्प.

ती परत आली. हाक मारली. पुन्हा मारली. पिल्लाचा आवाजच फुटेना. ती वळून चालायला लागली. आईविना ते जगलं नसतं.

"आतच हाय बाई," हिराबाई मोबाइलकडे बघून पुटपुटल्या. "जरा थांब की."

मादी थांबली. मागे फिरली, क्रेटमध्ये तोंड घातलं आणि पिल्लाला चाटत राहिली. बऱ्याच वेळानं बारीकसा आवाज आला. तिनं त्याला मानेला धरून उचललं आणि ती तिथल्याच उसात शिरली.

तेवढ्यात मुकादम आला. "हिराबाई, सकाळी हाच कोपरा उरकायचा."

"चार दिवस हा कोपरा तोडायचा नाय."

"कोण म्हणालं?"

हिराबाईंनी मुलीला खांद्यावर घेतलं आणि उसाकडे बोट केलं.

"ती."