चेन्स कुणी बसवायच्या

फोन स्पीकरवर होता, माझा बॉस गॅरेथ समोर उभा होता, आणि अनिरुद्ध फ्रान्समधून ओरडून सांगत होता की मी त्याला स्नो चेन्स दिल्याच नाहीत. गॅरेथ वेल्सचा. मराठीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण ‘स्नो चेन्स’ कळलं, आणि पुढचं ‘नाहीत’ त्याला अनिरुद्धच्या आवाजावरून कळलं.

आल्प्सच्या पायथ्याशी ही मंडळी अडकली होती. बर्फ पडत होता. पोलिसांनी घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवून सांगितलं होतं, चाकांना चेन्स लावा, नाहीतर मागे फिरा. मागे फिरायला जागा नव्हती, कारण मागे गाड्यांची रांग. गाडीत अनिरुद्धची बायको रसिका, चार वर्षांची मुलगी, आणि नागपूरहून खास बर्फ बघायला आलेल्या त्याच्या आई, प्रमिलाकाकू.

अनिरुद्ध म्हणाला, अख्खं गॅरेज रिकामं केलं, बॉक्सच नाही. गॅरेज म्हणजे कॅम्परव्हॅनच्या पाठीमागचा, बाहेरून उघडणारा सामानाचा मोठा कप्पा. मी म्हटलं, मी माझ्या हातांनी नारिंगी बॉक्स तिथे ठेवलाय. तो म्हणाला, “मग काय बर्फात वितळला का, वैशालीताई?”

संताप आला. पण गॅरेथ बघत होता.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, म्हणजे गॅरेथच्या बघण्याची मला एवढी धास्ती का ते कळेल. मी पिंपरीची. ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग केलं, चाकणला नोकरी केली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या व्हिसाला लटकून इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला आले. नवरा तिथल्या बिझनेस पार्कमध्ये आयटीत. कॅम्परव्हॅन भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत मला काम मिळालं ते रिसेप्शनचं. वर्कशॉपमध्ये गाड्या उभ्या, हातात माझी डिग्री, आणि मी आपली फोनवर गोड आवाजात ‘हाऊ कॅन आय हेल्प’ करतेय. तिथून वर्कशॉप सुपरवायझर व्हायला किती घासावं लागलं ते माझं मला माहीत. आदल्या हिवाळ्यात आमची एक गाडी ऑस्ट्रियाहून रिकव्हरी ट्रकवर बसून परत आली. तेव्हा गॅरेथने विंटर हँडओव्हर माझ्याकडे दिले आणि थंडपणे सांगितलं, अशी आणखी एक गाडी ट्रकवर आली, की तू परत रिसेप्शनला.

हँडओव्हर म्हणजे चावी देण्याआधी गिऱ्हाइकाला गाडी समजावून सांगायची. सोपं काम आहे, समोरच्याला कान असले तर.

अनिरुद्ध माझ्या नवऱ्याच्या ऑफिसमधला. लंडनमध्ये ईलिंगला राहतो. ‘आपल्या माणसाकडून गाडी घेतलेली बरी’ म्हणून आमच्याकडे आला. आपल्या माणसाचा एक त्रास असतो. परका माणूस निदान ऐकून तरी घेतो. आपल्या माणसाला वाटतं, हे घरचंच आहे, पुढेमागे होईलच. तो आला तोच कानात इअरफोन घालून. म्हणाला, “बोला ताई, मी ऐकतोय.”

मी टायरपासून सुरुवात केली. थंडी पडली की साधा टायर कडक होतो. आपलं खोबरेल तेल नाही का बाटलीत दगड होऊन बसत, तसं. रबर कडक झालं की रस्ता धरत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. तो ओळखायचा कसा, तर टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण असं चिन्ह असतं. नुसती ‘एम प्लस एस’ अशी अक्षरं छापलेली असली तर त्यावर विसंबू नये. अनिरुद्धने मान डोलावली. “मेक्स सेन्स,” म्हणाला. मला बरं वाटलं. पुढे सांगितलं की टायर चांगले असले तरी चढावर बर्फ साचला की चेन्स लागतातच, आणि काही रस्त्यांवर पोलीस त्याशिवाय सोडत नाहीत. “अ‍ॅब्सोल्यूटली,” तो म्हणाला. मग मी विचारलं, पुढच्या टायरची हवा तपासून दाखवू का? तो म्हणाला, “लेट्स टेक धिस ऑफलाइन.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मघापासूनचं सगळं ‘मेक्स सेन्स’ त्याच्या मीटिंगला होतं. मी इतका वेळ पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते.

“मग चेन कोणत्या चाकांना लावायची?”

हा प्रश्न मागून आला. प्रमिलाकाकू गाडीच्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. अंगात मुलाचं जाकीट, डोक्याला मफलर, मांडीवर पर्स. नागपूरला शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. निवृत्त शिक्षकाला कुणी काही शिकवताना दिसलं की तो मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि नीट शिकवतंय का ते बघतो. काकू तेच करत होत्या.

मी म्हटलं, पुढच्या. या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, मागची नुसती फरपटत येतात. ज्या चाकांनी गाडी ओढायची, चेन त्यांना.

“आणि मागे वजन जास्त असलं तर पुढची चाकं हलकी पडतील ना? मग पकड कमी.”

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. हे मी दर हँडओव्हरला गिऱ्हाइकांना ओरडून ओरडून सांगते आणि ती शनिवारच्या मॅचबद्दल बोलतात. मी गॅरेजचं दार उघडलं. आत अनिरुद्धने आल्याआल्या स्वतःच्या कारमधून आणलेलं तांदळाचं पोतं, पाण्याचे क्रेट, फोल्डिंग टेबल, डंबेल्स, सगळं कोंबलं होतं. सुट्टीत डंबेल्स कोण नेतं, ते विचारलं नाही. काकूंना सांगितलं, घरी गेलात की जड सामान मागून काढा आणि गाडीच्या मधे, खाली ठेवा. हलकं तेवढं मागे.

“मधे, खाली,” काकूंनी उजळणी केली.

अनिरुद्धने एका कानातला इअरफोन काढला. म्हणाला, “आई, तू गाडीच्या कशात लक्ष घालू नकोस ना. आय विल हँडल इट.”

“बरं बाप्पा. मला कुठे काय कळतं.”

हे वाक्य ज्यांच्या घरात बोललं जातं त्यांना माहीत आहे की याचा अर्थ होकार नसतो. ती नोटीस असते. अनिरुद्धला ती मिळाली नाही, तो परत मीटिंगमध्ये गेला होता.

आमचा एक नियम आहे. भाड्याने घेणाऱ्यांपैकी निदान एकाने माझ्यासमोर एका चाकाला चेन बसवून दाखवायची. बर्फात, गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही. अनिरुद्ध म्हणाला, मी व्हिडिओ बघितलेत. मी म्हटलं, नियम आहे. तोवर काकूंनी पर्स खाली ठेवून माझे हातमोजे मागून घेतले होते.

चेन म्हणजे साखळ्यांचं जाळं. ते चाकामागून सरकवायचं, आतल्या बाजूची कडी वर आणून अडकवायची, मग बाहेरची, आणि शेवटी एक साखळी ओढून सगळं आवळायचं. काकूंनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, “हे परकराच्या नाडीसारखं आहे. आतलं आधी नीट बसलं पाहिजे, नाहीतर बाहेरून कितीही ओढा.” आणि बसवली. मग मी सांगितलं की गाडी थोडी पुढे घेऊन थांबायचं आणि पुन्हा आवळायचं, कारण चाक फिरलं की चेन सैल पडते. हे लोक हमखास विसरतात. काकू म्हणाल्या, नाडीचंही तसंच असतं, चार पावलं चाललं की कळतं.

मी सही केली. नारिंगी बॉक्स गॅरेजमध्ये ठेवला, चावी अनिरुद्धला दिली. चावी त्यालाच द्यायची होती, लायसन्स त्याच्याकडे होतं.

आता परत फोनवर येते.

गॅरेथने विचारलं, चेन्स गाडीत होत्या की नव्हत्या? मी म्हटलं, होत्या. तो म्हणाला, मग आता का नाहीत? त्याने दुसरा फोन उचलला, रिकव्हरीवाल्यांना लावायला. ट्रक येणार, गाडी त्यावर बसणार, त्या चार जणांची सुट्टी रस्त्यावर संपणार आणि मी रिसेप्शनवर. माझ्या कानात माझाच गोड आवाज वाजायला लागला. रडू यायचं तेवढं बाकी होतं. आणि मागून ती छोटी रडत होती ते फोनवर ऐकू येत होतं, म्हणजे तेवढीही सोय राहिली नाही.

मग आठवलं. चेन बसवली कुणी होती?

“अनिरुद्ध, काकू कुठे आहेत?”

“आई? आत आहे. चहा करतेय. ताई, आईचं काय इथे, मी बाहेर बर्फात—”

“त्यांना फोन दे.”

“अहो पण तिला यातलं—”

“फोन दे म्हटलं ना.”

दार उघडल्याचा आवाज आला. मग काकू, अगदी घरात सोफ्यावर बसल्यासारख्या.

“हां वैशाली, बोल गं. जेवलीस का?”

“काकू, चेन्स कुठे आहेत?”

“माझ्या पायाखाली.”

मी गॅरेथला हाताने थांबवलं.

काकूंनी सगळं नीट सांगितलं. मी म्हटलं होतं, जड सामान मधे आणि खाली. घरी गेल्यावर त्यांनी गॅरेज उपसलं. तांदूळ, पाणी, डंबेल्स, सगळं टेबलाशेजारी गाडीच्या जमिनीतल्या कप्प्यात लावलं. चेन्सही डंबेल्ससारख्याच लोखंडाच्या, जड. म्हणून त्या सर्वांत खाली. लोखंडाला ग्रीस होतं, म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून गाठ मारली. त्यावर कणकेचा डबा, त्यावर लाडूंचा डबा. नारिंगी बॉक्स रिकामाच जागा खात होता, तो घरी ठेवून आल्या. म्हणजे माझी सूचना त्यांनी शब्दशः पाळली होती. माझ्या नोकरीत इतकी काटेकोर अंमलबजावणी मी आधी पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही.

“पण काकू, हा बाहेर एवढा शोधतोय, तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय शोधून राहिला ते मला सांगितलं का त्याने? आत आला, छत्री घेतली, गेला. सगळं सामान बर्फात मांडून राहिला होता. मला वाटलं, हँडल करून राहिला.”

माझ्या अंदाजाने पलीकडे रसिका हसू दाबत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे गॅरेथला इंग्रजीत समजावण्याचा प्रयत्न मी केला नाही. फक्त म्हटलं, सापडल्या. त्याने रिकव्हरीचा फोन ठेवला, माझा मात्र ठेवू दिला नाही. म्हणाला, बसवता येतात का बघू. तोच तर खरा प्रश्न होता. चेन्स नुसत्या गाडीत असून गाडी चढत नाही.

मग आम्ही दोघांनी फोनवर जे ऐकलं ते असं. लाडूंचा डबा निघाला. कणकेचा डबा निघाला. चादरीची गाठ काकूंशिवाय कुणाला दाद देईना. मग साखळ्यांचा खळखळाट. मग काकूंचा आवाज, दारातून, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

“मागे कुठे चाललास? पुढच्या चाकांना. ओढणारी चाकं कोणती? मग? आतली कडी आधी. बाहेरची सोड म्हटलं ना.”

अनिरुद्ध काहीतरी पुटपुटला की हे तुला कसं माहीत.

“तू मीटिंगमध्ये होतास. मी वर्गात होते.”

गाडी सुरू झाली, जराशी पुढे गेली, थांबली. “उतर. आता परत आवळ,” काकू म्हणाल्या. हे लक्षात ठेवलं होतं त्यांनी. मग पोलीस काहीतरी फ्रेंचमध्ये बोलला, चेन्सचा खडखडाट घाटाच्या दिशेने निघाला आणि मधेच रेंज गेली.

गॅरेथने विचारलं, ही बाई कोण? कस्टमरची आई, मी म्हटलं. “तिला हँडओव्हर कुणी दिला?” मी दिला. तो आत गेला आणि माझ्यासाठी चहा करून घेऊन आला, जो तो कुणासाठी करत नाही. भिकार होता, पण मी सगळा प्यायले.

गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली. चेन्स बघून मात्र गॅरेथ चक्रावला. रस्त्यावरच्या मिठाने चेन्स गंजतात, म्हणून धुवून सुकवून परत करा असं आम्ही सगळ्यांना सांगतो आणि कुणीही करत नाही. या धुतलेल्या, सुकवलेल्या आणि तेलाचा हात फिरवलेल्या होत्या. त्याने वास घेऊन विचारलं, हे कसलं तेल? खोबरेल, मी म्हटलं. बॉक्ससुद्धा ईलिंगहून परत आला, आत दोन लाडू ठेवून.

तेव्हापासून माझा नियम बदललाय. चावी मी गाडी चालवणाऱ्याला देते आणि सूचना ऐकणाऱ्याला. दोघं एकच असले तर उत्तम, बहुतेक वेळा नसतात. आणि सामान हलवायला सांगते तेव्हा आधी म्हणते, चेन्स सोडून.

काकूंचा व्हिसा संक्रांतीपर्यंत होता. ईलिंगच्या हॉलमध्ये हळदीकुंकू झालं तेव्हा त्या एका कोपऱ्यात बसून तिळगुळाच्या पुड्या बांधत होत्या. दुसऱ्या कोपऱ्यात अनिरुद्धभोवती पाच-सात जण जमले होते. पुढच्या वर्षी त्यांनाही आल्प्सला जायचं होतं. अनिरुद्ध तब्येतीत सांगत होता, अवघड काही नाही, प्रिपरेशन हवं, पोलीससुद्धा बघत राहिले. कुणीतरी विचारलं, चेन्स चारही चाकांना लावायच्या का?

“नाही नाही, दोनच पुरतात,” अनिरुद्ध म्हणाला. “मागच्या दोन.”

“पुढच्या,” काकू म्हणाल्या, पुडीवरची नजर न काढता.