उजवा कान

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही — आणि बायकोच्या पोटातलं आपल्याला सगळं कळतं, असं त्याला वाटतं. वाटू दे बिचाऱ्याला. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आत्याबाईंना पाहिलेलं नाही. पाहिलं असतं, तर मला तोंड उघडता आलं नसतं.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात आमच्याच मळ्यातली मेथी, पालक, वांगी विकायच्या. लग्न होऊन आल्यापासून चिंचेखालची एकच जागा. तिथल्या जागांना कागद नसतो. जो बसतो, त्याची जागा. जीभ मात्र लवंगी मिरची. माझ्या पहिल्या स्वयंपाकाला पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "भाजीत मीठ हाय का मिठात भाजी हाय वं?" सगळे हसले. मीही हसले — काय करणार?

मग त्यांना चक्कर सुरू झाली. कुशीवर वळल्या की घर गरगरायचं, उलट्या व्हायच्या. कुणी पित्त म्हणालं, कुणी बीपी, कुणी दृष्ट काढली. शेवटी अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांनी नीट उलगडून सांगितलं. कानाच्या आत बारीक कण असतात, ते जागा सोडून भलतीकडे गेले की डोकं हलताच सगळं फिरतं. दोष उजव्या कानात. डोकं आधी उजवीकडे वळवून आडवं करायचं, डोळ्यांची थरथर थांबेपर्यंत धरायचं, मग डावीकडे, मग डाव्या कुशीवर, मग उठवून बसवायचं. सोबत मीच होते, म्हणून त्यांनी मलाच शिकवलं. त्या दिवशी आत्याबाई स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या.

पुढच्या वेळी घरी मी केलं. नीट केलं. आणि — कसं सांगू? — घर फिरत असताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "सोडू नको वं माय मले." माय! मला! इतक्या वर्षांत त्या बाईनं माझ्या हाताला हात लावला नव्हता. थोड्या वेळानं बऱ्या झाल्या, आणि चहात साखर कमी म्हणून माझ्या माहेराचा उद्धार केला.

मी कुठं चाललेय, कळतंय ना तुम्हाला?

त्या हिवाळ्यात चक्कर परत आली. बाजाराचा दिवस होता, मेथीच्या जुड्या ओल्या पोत्यात बांधून तयार होत्या. मी त्यांचं डोकं हातात घेतलं — आणि डावीकडे वळवलं. विसरून नाही. गोंधळून नाही. पुढचं सगळं शिकवल्यासारखंच, फक्त उलट्या बाजूनं. चक्कर गेली नाही. नवरा माल नेऊन व्यापाऱ्याला ठोक देऊन आला, आत्याबाई माझं मनगट धरून पडून राहिल्या. मी त्यांना भरवलं, तोंड पुसलं. सांगतानाही लाज वाटते, पण मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

एकदाच केलं असतं तर? पण एकदा नव्हतं ते. काही दिवस डावीकडे, मग माझंच मन मला खाऊ लागलं की एखाद्या दिवशी उजवीकडे. असा सगळा हिवाळा. नवरा म्हणायचा, "बुढीले पुन्हा डॉक्टरकडे नेऊ का?" आणि मीच म्हणायचे, "कायले? मी करून राहिली ना."

संक्रांतीच्या सुमारास त्यानं बाजारातून येऊन सांगितलं, चिंचेखाली दुसऱ्या कुणीतरी ताडपत्री टाकली. इतके बाजार जागा रिकामी, त्या माणसाचं तरी काय चुकलं? आत्याबाईंनी पांघरूण वर ओढून घेतलं. एवढी तिखट बाई — एक शिवीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फिरू लागलं. मी उशाशी बसले. हात सवयीनं डावीकडे वळले.

डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, अगदी हळू, "आता उजवीकडे घे वं. बजार तं गेला माहा."

मी घेतलं. डोळे थरथरले, थांबले. त्या उठून बसल्या, पदर सारखा केला आणि मेथी निवडायला घेतली — घरापुरती.

केव्हापासून माहीत होतं त्यांना? डॉक्टर सांगत होते तेव्हा त्याही तिथंच होत्या. कान त्यांचाच होता. मग गप्प का राहिल्या? मी विचारलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. त्यानंतर चक्कर आली की त्या खांद्याखाली उशी घ्यायच्या आणि आपलं आपणच करायच्या. मला हाक मारायच्या नाहीत.

मागच्या वर्षी त्या गेल्या. मुलाला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. तेराव्याला पंगतीत बायका बोलत होत्या, "सुनेनं लय केलं हो बुढीचं." मी वाढत होते. मी नाही म्हणाले नाही.