ट्रान्सफर लिहिलेली बाई

आमच्या केंद्रात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात. कोण वेळेवर येतं, कोण यायचं थांबलं, याची नोंद संगणकावर मी ठेवतो. पूर्वी रक्तातल्या पेशी कमी झाल्यावरच औषध सुरू व्हायचं; आता लागण कळली की लगेच. त्यामुळे धडधाकट माणसंही रांगेत असतात, आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडतातही. तारीख चुकली की आम्ही फोन करतो, तो लागला नाही तर केंद्राच्या ताई घरी जातात.

जूचंद्रची एक विधवा बाई तारखेला आली नाही. नव्या इमारतींत धुणीभांडी करायची. फोन बंद. ताई रजेवर होत्या. मी शेजारच्या नायगावातच राहतो, म्हणून म्हटलं, रविवारी मीच जाऊन येतो.

तिच्या गल्लीच्या तोंडाशी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले.

"काय हो, इकडे कुणाकडे?"

"सहज," म्हणालो.

ते गेले, पण माझा पाय पुढे पडेना. तिच्या दारात उभं राहिलो तर लोक तिच्याबद्दल बोलतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला माझीच काळजी होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "म्हायेरी गेली वाटतं, डहाणूकडं."

सोमवारी मी तिच्या नावापुढे 'ट्रान्सफर' भरलं, म्हणजे आता दुसऱ्या केंद्रातून औषध घेते. 'सुटलेली', म्हणजे औषध थांबलेली, असं लिहिलं असतं तर केंद्राचा आकडा बिघडला असता, आणि ताई परत आल्यावर शोधायला गेल्या असत्या. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "तुमची यादी स्वच्छ असते." मी मान डोलावली.

अडीच महिन्यांनी ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली. वाळली होती, खोकत होती. मधे एकदा येऊन गेली होती म्हणे. खिडकीवरच्या नव्या मुलीने संगणकात ट्रान्सफर पाहिलं आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या केंद्राची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी कुठून आणणार? ती गोळ्यांशिवाय परत गेली.

"भाऊ, मी कुठं गेले होते? आठ दिस म्हायेरी. मना वाटलं, तारीख चुकवली म्हनून तुमी काढलं."

"नोंदीत चूक झाली," मी म्हणालो. कोणाची, ते माझ्या तोंडून निघालं नाही.

उलट तिनेच माफी मागितली. तपासणीत टीबी निघाला.

आता ती दर महिन्याला येते. गोळ्या घेतल्या की आधी माझ्याकडे येते, औषधाच्या नोंदीचं तिचं हिरवं पुस्तक टेबलावर उघडून ठेवते.

"लिवा भाऊ, आले म्हनून."

मी तिच्यादेखत भरतो. पडद्यावर ओळ दिसेपर्यंत ती हलत नाही. तेव्हा 'ट्रान्सफर' कोणी लिहिलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.