काकूचे हात

वसतिगृहाच्या दोरीवर कुणाचा तरी जुना पटका वाळत घातलेला दिसला आणि मला सोलापुरातली आमची गिरणीजवळची खोली आठवली. तान्हं मूल गेल्यापासून काकू एकटी राहिली की त्याला शोधत पार रेल्वेच्या रुळांपर्यंत जाई. डॉक्टर म्हणाले होते, "औषधापेक्षा हिच्याजवळ माणूस बसायला हवा." पण काका, आई, वडील तिघंही गिरणीत, खाडा झाला की मुकादम त्या जागी दुसरा माणूस उभा करी. मला घरी ठेवायचं म्हटलं, तर काकूच ओरडे, "पोराची साळा मोडू नगा!" एका सकाळी काकांनी डोक्याचा पटका सोडला, कारण बांधायला सुंभ घेतलं असतं तर तिच्या हाताला रुतलं असतं, आणि तो धरून ते नुसतेच उभे राहिले. खोलीत चुलीचा धूर कोंडला होता, भोंगा होऊन गेला होता, बाहेर माणसं धावत होती. काकूनंच दोन्ही हात पुढं केले. "बांधा की, उशीर हुईल तुमास्नी." काका रडत म्हणाले, "लई आवळत न्हाय गं." खांबाशी गाठ मारून ते बोडक्या डोक्यानं कामावर गेले. परवा वर्गात प्राध्यापकांनी मनाच्या आजारावर विश्रांती आणि सोबत हे उपाय सांगितले. सोबत कुणी करायची, हे विचारायला मी उभा राहिलो. पण न विचारताच खाली बसलो.