सायकल स्टँडच्या टोकाची खोली

रतन सोनावळेइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

कांजूरमार्गला आमची लोखंडी टाक्या बनवणारी कंपनी होती. मी तिथे टाइमकीपर, तो मार्कर. ड्रॉइंग बघून पत्र्यावर रेघा मारून द्यायच्या, मग दुसरा कोणी तो पत्रा कापायचा, हे त्याचं काम. चोवीस वर्षांत त्याचा एक पत्रा वाया गेला नाही. मंजूर ड्रॉइंगमध्ये जे नाही ते पत्र्यावर येणार नाही, मग मॅनेजर का सांगेना, हा त्याचा नियम. खाली स्वतःची सही आणि तारीख. या नियमापायी त्याने दोनदा मेमो खाल्ला आणि दोन्ही वेळा तोच बरोबर निघाला. माझ्या मते तिथेच त्याचं डोकं फिरलं.

कंपनी बंद पडायच्या चार वर्षं आधी त्याची झोपडी तुटली. मॅनेजर तोंडी म्हणाला, सायकल स्टँडच्या टोकाला पत्रे ठोक आणि राहा. रतन, त्याची बायको शकु आणि कडेवरची संघमित्रा तिथे राहायला आली. वीज कंपनीचीच, कागद कुठलाच नाही. मी गेटजवळच्या टाइमकीपरच्या क्वार्टरमध्ये होतो. दोन हजार दोनच्या जुलैत कंपनीला टाळं लागलं, पण आम्ही तिथेच राहिलो. शकु मुलुंडच्या एका हॉस्पिटलात आयाचं काम करून घर चालवत राहिली. मशिनं भंगारात गेली, शेडमध्ये गवत वाढलं.

वीस वर्षांनी एका बिल्डरने ती जागा घेतली आणि मिहिर नावाचा एक नगररचनाकार आमच्याकडे यायला लागला. त्याला शेड पाडायच्या नव्हत्या. त्यांच्यामधून पायवाटा, चिमणीखाली बाग आणि कामगारांची आठवण राहील अशी वस्ती, असं तो सांगायचा. तो खोटं बोलत नव्हता, म्हणून आज जास्त राग येतो. अट एकच होती: कंपनी बंद झाली त्या दिवशी जो आवारात राहत होता, त्याला तिथेच घर.

कोण कुठे राहत होतं याला पुरावा हवा होता, पण कंपनीचे जुने नकाशे वाळवीने खाल्ले होते. मिहिरने आम्हा म्हाताऱ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं, मोठे कागद दिले आणि म्हणाला, "काका, कंपनी होती तशी काढा." बाकीच्यांनी लहान पोरांसारखी घरं आणि झाडं काढली. रतनने तीन दिवस मागून घेतले. पावलं मोजत सगळं आवार फिरला आणि फूटपट्टीने असा नकाशा काढला की मिहिर बघतच राहिला.

मीही बघितला. माझं क्वार्टर खिडकीसकट होतं. सायकल स्टँड या टोकापासून त्या टोकापर्यंत, साठ सायकलींच्या खुणांसकट. खाली लिहिलं होतं: स्थिती १४ जुलै २००२, र. सोनावळे, तपासले.

"रतन, तुझी खोली कुठाय रे?"

"ती मंजूर नव्हती."

"अरे पण होती ना?"

"ड्रॉइंगमध्ये नव्हती. मी घातली तर लोक म्हणतील, रतनने घरासाठी नकाशा वाढवला."

मला तिथेच त्याची कॉलर धरता आली असती. पण माझं क्वार्टर इतकं नीट काढलेलं होतं की मी गप्प बसलो.

यादी लागली. मी पात्र, पुरावा रतनचा नकाशा. रतन अपात्र, पुरावा तोच. त्याच्या सुनावणीला मीही गेलो होतो; मिहिर खाली मान घालून बसला होता.

"साहेब, माझी पोरगी त्या खोलीत चालायला शिकली," शकु म्हणाली.

अधिकारी वाईट नव्हता. त्याने नकाशा पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. "सोनावळे, नकाशात चूक झाली एवढंच लिहून द्या. मी परत तपासणी लावतो."

रतनने नकाशावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. शकुने त्याची बाही धरली होती.

"चूक नाही, साहेब," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "टाइमकीपर तुम्ही ना? तुमचं काय म्हणणं?"

नकाशा चुकला तर माझ्या क्वार्टरचा पुरावाही गेला, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं होतं. मी म्हणालो, "नकाशा बरोबर आहे." शकुने माझ्याकडे पाहिलं. आजवर माझ्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं.

ते वांगणीला भाड्याच्या खोलीत गेले. संघमित्रा बापाशी बोलेनाशी झाली. इकडे वस्ती उभी राहिली, छान झाली, पेपरात फोटो आले. गेटवर काळ्या दगडात रतनचा नकाशा कोरलाय, सहीसकट. उद्घाटनाला मिहिरने रतन आणि शकुला बोलावलं, रतनला शाल दिली.

कार्यक्रम संपल्यावर मी दोघांबरोबर आत गेलो. मिहिरने नकाशाबरहुकूम सायकल स्टँडही बांधला होता, त्याच जागी. रतन पावलं मोजत या टोकापासून त्या टोकाला गेला. "साठच आहेत," तो म्हणाला. मेल्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

शकु शेवटच्या दोन सायकलींच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिथे तिचा स्टोव्ह असायचा. वॉचमन आला.

"बाई, बाहेर या. ही इथल्या मेंबरांची जागा आहे." मग तो माझ्याकडे वळला. मला तो ओळखतो, मी सातव्या मजल्यावर राहतो. "काका, या तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

मी तोंड उघडायच्या आत शकु म्हणाली, "नाही. यांची आमची ओळख नाही."