छत्रीच्या कापडाची पट्टी

मला एकच डोळा मिटता येत नाही. डावा मिटायला गेलं की उजवाही त्याच्या पाठोपाठ मिटतो. आजही जत्रेत नातवंडांसोबत बंदुकीनं फुगे फोडायचे असले की मी आधी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधते. दुकानदार हसतो, मग फुगे फुटायला लागले की छर्रे मोजून द्यायला लागतो.

सत्तरच्या दशकात जालन्याच्या आमच्या कॉलेजात मुलींनाही रायफल शिकवायला लागले, तेव्हा माझी पंचाईत झाली. रायफल कॉलेजची, गोळ्याही कॉलेजच्या. म्हणून तर माझ्यासारख्या प्राथमिक शिक्षकाच्या पोरीला ती हातात धरायला मिळाली. सतरंजीवर पालथं पडायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं नेम धरायचा. पलटणीतून निवृत्त झालेले उस्ताद शिकवायचे. माझ्या गोळ्या कुठं जायच्या कुणास ठाऊक, कारण ऐन वेळी मला अंधारच दिसायचा. कॉलेजांची स्पर्धा जवळ आली होती आणि मला त्यात उतरायचंच होतं. इतकं मनापासून मला फार थोडं काही हवंसं वाटलंय.

उस्तादांना सांगायची लाज वाटली. मग मी डोळा मिटायचा सराव सुरू केला. आरशासमोर, चुलीपाशी, कॉलेजच्या वाटेवर. तरणी पोरगी भर बाजारातून डोळे मिचकावत चालली तर लोकांना काय वाटेल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. कापड दुकानातला मुनीम मला बघून भांग पाडायला लागला, तरी नाही.

शेवटी समोरच्या काकू माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे आल्या. "गुरुजी, तुमची पोरगी बाजारात डोळे मारत हिंडून राह्यली. मी सोता पाह्यलं."

काकू गेल्यावर अण्णांनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. रायफल तर गेलीच, आता कॉलेजही जातंय, असं मी धरून चालले.

"काय करून राह्यली तू हे?"

मी रडत रडत सगळं सांगितलं.

"एक डोळा मिटत न्हाई? त्यात काय अवघड हाये?" असं म्हणून त्यांनी डावा डोळा मिटला. दोन्ही मिटले. परत केलं, परत दोन्ही. तोंड वाकडं झालं, मिशी वर चढली, पण उजवा काही उघडा राहीना. दारात उभी असलेली आई पदर तोंडाला लावून हसत सुटली, मग अण्णाही हसले. मला इतकं हायसं वाटलं की मी पुन्हा रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः उस्तादांना भेटले. "मिटत न्हाई तर झाका की, गुरुजी," उस्ताद म्हणाले. बस, एवढंच. अण्णांनी आपली छत्री काढली, तिच्या कडेचा काळा तुकडा कापला आणि त्याला नाडी शिवली. ती पट्टी बांधून नेम धरला, तेव्हा मला निशाणाचं वर्तुळ पहिल्यांदा नीट दिसलं.

स्पर्धेत मुलं-मुली एकत्रच होती. दुसऱ्या कॉलेजातल्या एका मुलानं माझी पट्टी पाहिली आणि थेट पंचांकडे गेला. "सर, हे बराबर न्हाई. ह्यांना पट्टी, आम्हाला न्हाई."

माझं डोकंच फिरलं. पंच मात्र शांतपणे म्हणाले, "रायफल सगळ्यांना तीच, अंतर तेच. पट्टी ज्याला पाहिजे त्यानं बांधावी."

तो मुलगा थोडा वेळ तिथंच घुटमळला. मग खाली बघत माझ्याकडे आला. "ताई, तुमचं झालं की मला द्याल का? माझाबी डोळा मिटत न्हाई."

मी दिली. त्याच्यानंतर आणखी दोघांनी मागितली.

घरी आले तर अण्णा ओट्यावर वाट बघत होते. "नंबर आला?"

"दुसरा. पहिला एका पोराचा आला, आपलीच पट्टी बांधून!" मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"आन् पट्टी कुठंय?"

"तिथंच ऱ्हायली, अण्णा. लई जणांचे डोळे आपल्यासारखेच हायेत."

अण्णा उठून आत गेले. कडेला कापलेली ती छत्री घेऊन बाहेर आले आणि आईला म्हणाले, "कात्री दे गं. पावसाळ्याचं मंग बघू."