मुलुंडमध्ये उणे तीस

पार्किंगमध्ये एसी झकास चालत होता. माझ्या धंद्यात याहून वाईट बातमी नसते. बिघाड दिसतच नसेल तर दुरुस्त काय करणार?

"तू आलीस म्हणून शहाण्यासारखी वागतेय," मधुराताई म्हणाल्या. मुलुंडला त्यांच्या बिल्डिंगखाली आम्ही दोघी गाडीत बसलो होतो. मे महिन्यातली दुपार. "रस्त्याला लागले की पवई यायच्या आत गरम हवा सुरू. उभी करून ठेवली की पुन्हा ठीक."

मी गाड्यांच्या एसीचं काम करते. अंधेरीच्या एमआयडीसीत परबकाकांचं गॅरेज आहे. तिथून डोअरस्टेपला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी, मी जाते. ही गाडी गॅरेजात तीनदा येऊन गेली होती. एकदा गॅस भरला, एकदा बेल्ट बदलला. तिसऱ्यांदा काकांनी निकाल दिला: कॉम्प्रेसर गेला. कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप. नवा मागवलाही होता. मला फक्त शेवटचं चेकिंग करायला पाठवलं होतं.

मधुराताईंना नसांचा आजार आहे. अंगाला उष्णता लागली की पायांतलं बळ जातं. एरवी त्या ऑटोमॅटिक गाडी उत्तम चालवतात, डॉक्टरांची हरकत नाही. पण एसी बंद पडला की ब्रेकवरचा पाय जड होतो. मागच्या वेळी पवई तलावाजवळ त्यांनी कशीबशी गाडी कडेला घेतली. एका रिक्षावाल्याने हात धरून त्यांना खाली उतरवलं. तेव्हापासून त्या घरीच होत्या. त्या पवईतल्या एका लॅबमध्ये केमिस्ट आहेत, आणि लॅबचं काम घरून होत नाही.

"सोमवारी आले नाही तर माझ्या जागी दुसरं कोणी घेतील," त्या म्हणाल्या. "कॉम्प्रेसर बदलला की नक्की चालेल ना?"

मला हो म्हणवेना. बाहेर जाऊन काकांना फोन लावला.

"अगो, कॉम्प्रेसर गेलो," काका म्हणाले. "मी स्वतः ट्रायल मारलंय. रस्त्यात क्लच ओढत नाही."

"क्लच ओढत नाही, की त्याला ओढ म्हणून कोणी सांगतच नाही?"

"म्हणजे काय ता बोल."

"तासभर द्या मला."

"घे. पण गाडी परत इली तर तू बघ."

मी गाडीत येऊन विचार केला. कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो; त्याचा क्लच त्याला इंजिनाशी जोडतो आणि सोडतो. गाडी उभी असली की हळू फिरतो, रस्त्यावर जोरात. म्हणजे एसी जास्तीत जास्त थंड होतो तेव्हाच बंद पडत होता. डॅशबोर्डच्या आत एक कूलिंग कॉइल असते. तिच्यात बोटभर लांबीचा सेन्सर खोचलेला असतो. कॉइल किती थंड झाली ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. कॉइलवर बर्फ धरला तर हवा अडते, म्हणून त्याआधी कॉम्प्युटर कॉम्प्रेसर थांबवतो. हा निरोप्याच खोटं बोलत असला तर?

रस्त्यावरची थंडी पार्किंगमध्ये आणायची होती. काचा बंद, ब्लोअर एकवर, आतलीच हवा फिरती ठेवली आणि इंजिन रेस केलं. स्क्रीनवर कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा स्कॅनर मी मांडीवर घेतला. मधुराताईंनी घरून लॅबचा थर्मामीटर आणला आणि हवेच्या जाळीत धरला. त्या हवेचं तापमान वाचायच्या, मी सेन्सरचं.

"नऊ," त्या म्हणाल्या.

"सात."

"सात."

"पाच."

"सहा."

"उणे तीस."

"काय?"

"कॉम्प्युटरला वाटतंय कॉइल उणे तीसवर गेली."

पुढून टक् आवाज आला. क्लच सुटला होता. हवा गरम होऊ लागली. मधुराताई दहा, चौदा, अठरा वाचत होत्या आणि माझा स्कॅनर उणे तीसवर ठाम.

"मुलुंडमध्ये, मे महिन्यात," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना.

पण दोष सेन्सरचा की वायरचा, हे ठरायचं होतं. या मॉडेलला डॅशबोर्ड उघडावा लागत नाही. ग्लव्हबॉक्सखाली कोपरापर्यंत हात घालून मी सेन्सर ओढून काढला आणि आम्ही वर गेलो. ओट्याचा ताबा मधुराताईंनी घेतला. एका वाडग्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात बर्फ घातलेलं. मी सेन्सरला मीटर लावला. सेन्सर जितका थंड, तितका मीटरचा आकडा हळूहळू वाढायला हवा.

नळाच्या पाण्यात आकडा स्थिर. बर्फात चढत गेला आणि अचानक गायब. मुठीत धरून ऊब दिली, तर परत आला.

"पुन्हा," मधुराताई म्हणाल्या. "एकदाच आलेलं रीडिंग मी मानत नाही."

पुन्हा तेच झालं. त्यानंतरही तेच. आतला जोड तडकला होता. थंडीने आकसला की सुटायचा, आणि सुटलेल्या जोडाला कॉम्प्युटर भयंकर थंडी समजायचा.

"काका, नवा कॉम्प्रेसर परत पाठवा," मी फोनवर म्हटलं.

"पुरावो?"

"ताईंच्या ओट्यावर आहे."

नवा सेन्सर घेऊन ते स्वतः आले. आल्या आल्या जुना सेन्सर त्यांनी आपल्या हाताने बर्फात धरला, मीटर बघितला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला. "गेलो हा खरो," एवढंच म्हणाले आणि नवा बसवायला माझ्याआधी खाली उतरले.

ट्रायलला मधुराताई चालवत होत्या. मी शेजारी, काका मागे. बाहेर डांबर वितळेल असं ऊन. पवईचा तलाव आला. ताईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. स्कॅनरवर आकडा चारवर आला, तीनवर आला, क्लच सुटला, सहावर पुन्हा लागला. अगदी पाहिजे तसं. तलाव मागे पडला.

"इथून वळा, ताई," मी म्हटलं.

"कशाला?" त्या म्हणाल्या आणि सरळ आरेपर्यंत गेल्या.

"बाय, जरा कमी कर," काका मागून म्हणाले. "थंडी वाजता."

त्यांनी कमी केला नाही.

सोमवारी दुपारी मला त्यांचा मेसेज आला. लॅबमध्ये पोचल्या होत्या आणि पार्किंगमधून आपल्या पायांनी जिना चढल्या होत्या.

कोणी काम करत नसेल तर त्याला काढण्याआधी त्याला निरोप कोण देतो ते बघावं, एवढं मी यातून शिकले. काका हीच गोष्ट आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. त्यांच्या गोष्टीत क्लचबद्दलची शंका त्यांनाच पहिल्यांदा आलेली असते. मी दुरुस्त करत नाही. काम नीट झालंय.